लिलावात निघालेली जुनी फियाट: आधी कागद, मग पत्रा, इंजिन सगळ्यात शेवटी

जुन्या फियाटचे फोटो लिलावाच्या यादीत दिसले की लोक पहिला प्रश्न विचारतात तो म्हणजे इंजिन कसंय, चालू होतं का. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. १०८९ सीसीचं ते साधं चार सिलिंडरचं इंजिन आहे, पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट, क्लचप्लेट सगळं अजून मिळतं, आणि ते उघडून परत बांधणारे म्हातारे मेकॅनिक मुंबई पुण्यात अजून आहेत. गंजलेला पत्रा आणि नसलेले कागद मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. त्यामुळे खालचं सगळं याच क्रमाने लिहितोय, लिलावात नक्की काय विकतायत ते ओळखायचं, कागद बघायचे, पत्रा बघायचा, मग बाकीचं, आणि शेवटी बोली किती लावायची त्याचा हिशोब.

आधी यादीतली गाडी कुठली ते ओळखा, कारण "व्हिंटेज फियाट, उत्तम स्थिती" एवढंच लिहिलेलं असतं आणि त्याखाली काहीही असू शकतं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९५४ पासून फियाट ११०० बनायला लागली, ती गोल पाठीची, जिला आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणतात. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट वगैरे आल्या, १९६४ ला ११०० डी म्हणजे डिलाइट आली, आणि साधारण आज आपण जो आकार फियाट म्हणून ओळखतो तो तिथून सुरू होतो. थोडा काळ प्रीमियर प्रेसिडेंट हे नाव होतं आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. शेवटी शेवटी एस वन निघाली जिच्यात गिअर स्टिअरिंगवरून खाली फ्लोअरला आला, आणि १३७ डी ही डिझेल. डिलाइटच्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला, त्यावरून फोटोतही जुनी गाडी पटकन ओळखता येते. हे सगळं सांगायचं कारण नुसती हौस नाहीये. सुटे भाग सगळ्यात जास्त पद्मिनीचे मिळतात, डिलाइटचे बऱ्यापैकी, आणि डुक्कर फियाटची जाळी, क्रोमच्या पट्ट्या, मागच्या लाइटची काच असलं काही गायब असेल तर ते शोधण्यात वर्षं जातात. पहिलीच जुनी गाडी घेत असाल तर सरळ ७० किंवा ८० च्या दशकातली पद्मिनी बघा, डुक्कर फियाटच्या मोहात नंतर पडा.

कोण विकतोय आणि काय म्हणून विकतोय

लिलाव म्हणलं की सगळे एकसारखे वाटतात पण इथेच लोकांचे पैसे बुडतात. पोलीस ठाण्याच्या किंवा महापालिकेच्या बेवारस गाड्यांचा लिलाव असतो, त्याची जाहिरात पेपरात छोट्या अक्षरात येते, आणि त्यातल्या बहुतेक गाड्या भंगार म्हणून विकलेल्या असतात. भंगार म्हणून घेतलेली गाडी परत रस्त्यावर येत नाही, तिचं रजिस्ट्रेशन रद्द होतं, आणि बऱ्याच ठिकाणी तर बोलीच फक्त नोंदणीकृत स्क्रॅपवाल्यांना लावता येते. तुमच्याकडे आधीच एक फियाट असेल आणि तिला दरवाजे, बॉनेट, काचा हव्या असतील तर मग हे स्क्रॅपवाले तुमचे मित्र, लिलाव झाल्यावर त्यांच्याकडे जाऊन पार्ट घ्या. पण चालवायला गाडी हवी असेल तर या लिलावात "वापरण्यायोग्य" असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा, आणि तोंडी कोणी "होतंय सगळं, आरटीओत आपला माणूस आहे" म्हणलं तर नमस्कार करून घरी या.

सरकारी खात्यांच्या गाड्या आणखी वेगळ्या. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांचं रजिस्ट्रेशन पुढे चालू राहत नाही, त्या अधिकृत स्क्रॅप केंद्रातच जातात. त्यामुळे एखाद्या सरकारी ऑफिसच्या आवारात झाडाखाली पडलेली पांढरी फियाट कितीही छान दिसली तरी ती तुमच्या नावावर होईल ही आशा सोडा.

राहिले ते खासगी लिलाव. एखाद्या बंद पडलेल्या कंपनीची मालमत्ता निघते, एखाद्या घराण्याच्या वारसांना गॅरेज रिकामं करायचं असतं, किंवा चित्रं, दागिने विकणारी लिलावाची घरं कधीमधी जुन्या गाड्यांची विक्री ठेवतात आणि त्यात रोल्स रॉइस, ब्यूकच्या रांगेत एखादी फियाट शेवटच्या लॉटला उभी असते. खरी संधी इथे. मोठ्या गाड्यांसाठी आलेल्या लोकांना फियाटमध्ये रस नसतो, आणि गाडी बहुतेकदा एका घरात राहिलेली असते, कागदासकट. फक्त अशा ठिकाणी कमिशन भरपूर असतं, त्यावर खाली येतोच.

लिलावाच्या नोटिशीत "जे आहे जेथे आहे, जसे आहे तसे" असली वाक्यं असतात ती लोक वाचतच नाहीत. त्याचा साधा अर्थ असा की बोली तुमच्या नावावर तुटली की गाडीत काहीही निघालं तरी परत द्यायची सोय नाही, आणि जिथे उभी आहे तिथून न्यायचा खर्चही तुमचाच. इसारा म्हणून भरलेली अनामत रक्कम, उरलेले पैसे भरायची मुदत, गाडी उचलायची मुदत आणि त्यानंतर दिवसाला किती भाडं लागणार, या चार ओळी पेनाने अधोरेखित करून ठेवा. मुदतीत पैसे नाही भरले तर अनामत जाते, त्यात दयामाया नसते.

कागद

आरसी बघायचीच, आणि फोटो नाही, मूळ बुक बघायचं. ८० च्या दशकातल्या गाडीला ते जुनं पुस्तक असतं, तीन अक्षरं आणि चार आकडे असा नंबर, एमएच च्या आधीच्या काळातला. तो नंबर 'वाहन' या सरकारच्या ऑनलाइन गाडी-नोंदणीच्या सिस्टीममध्ये टाकून बघा. सापडला तर उत्तम. नाही सापडला तर लगेच घाबरू नका, जुन्या बऱ्याच गाड्या कॉम्प्युटरवर चढलेल्याच नाहीयेत, मूळ आरटीओत जाऊन रजिस्टरवरून बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवून घ्यावी लागते. पण हे काम विकणाऱ्याने लिलावाआधी केलेलं असेल तर गाडीची किंमत माझ्या लेखी दीडपट, आणि नसेल केलं तर ते होणारच असं धरून बोली लावायची नाही.

आरसीवरचा चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीशी जुळवा, बॉनेट उघडून, टॉर्च मारून, हवं तर थोडं रॉकेल लावून पुसून. नंबरच्या आजूबाजूचा पत्रा कापून वेल्डिंग केल्यासारखा दिसला, आकडे वाकडेतिकडे ठोकलेले वाटले, की विषय संपला, गाडी कितीही चकाचक असो. इंजिन नंबर वेगळा असणं तेवढं भयंकर नाही कारण या गाड्यांची इंजिनं आयुष्यात एकदोनदा बदललेली असतातच, पण ते आरसीवर चढलेलं हवं. पेट्रोल गाडीत कोणीतरी डिझेल इंजिन बसवलेलं असतं, सीएनजी किट टाकून काढलेलं असतं, त्याची पण नोंद बघायची.

मालक हयात नसेल आणि पोरंबाळं गाडी लिलावाला देतायत तर आधी वारसाच्या नावावर गाडी झालीये का ते विचारा, त्याचा फॉर्म ३१ वेगळा असतो. मयत माणसाच्या नावावरची गाडी घेतलीत तर नंतर चार भावंडांच्या सह्या गोळा करत फिरायची पाळी तुमच्यावर. आरसीवर बँकेचा बोजा दिसतोय का तेही बघा. चाळीस वर्षांपूर्वीचं कर्ज केव्हाच फिटलेलं असतं, पण आरसीवरची नोंद कोणी काढलेली नसते आणि ती बँक मधल्या काळात दुसऱ्याच बँकेत विलीन झालेली असते, मग फॉर्म ३५ आणि एनओसीसाठी कोणाच्या दारात उभं राहायचं हेच कळत नाही. फियाट कर्जाने घेण्याची परंपरा तशी फार वरपर्यंत जाते. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी १९६४ ची फियाट १२,००० रुपयांना घेतली, त्यातले ५,००० पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज होतं, आणि ते गेल्यावर त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी पेन्शनमधून ते फेडलं. ती गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे.

आता नावावर करायचं कसं. लिलाव सरकारने किंवा सरकारच्या वतीने केलेला असेल तर फॉर्म ३२, गाडी ताब्यात घेतल्यापासून ३० दिवसांच्या आत, सोबत लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचं विक्री कायम झाल्याचं पत्र आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रत. ही दुसरी प्रत लोक मागायला विसरतात आणि मग सहा महिने त्या ऑफिसात चकरा मारतात, तर पैसे भरतानाच दोन्ही कागद हातात पडल्याशिवाय हलायचं नाही. खासगी लिलाव असेल तर ती साधी खरेदी विक्रीच, फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाच्या सह्या, आणि गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. लिलावाचं घर म्हणजे मालक नव्हे हे लक्षात ठेवा, सह्या मालकाच्याच लागतात.

व्हिंटेज नंबरच्या मागे लागावं का

२०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांसाठी, आणि नवा नंबर घेतला तर त्यात व्हीए ही अक्षरं असतात, आधीपासून नंबर असेल तर जुना नंबर ठेवता येतो. ऐकायला मस्त वाटतं, आणि यादीत पण "व्हिंटेज नोंदणीस पात्र" असं ठळक छापून किंमत चढवलेली असते. पण ही गाडी तुम्हाला रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. म्हणजे रविवारी सकाळी लोणावळ्याला भजी खायला जायचं स्वप्न असेल तर ते या नंबरवर बसत नाही.

त्यामुळे ज्यांना चालवायचीय त्यांनी नेहमीच्या रजिस्ट्रेशनवाली गाडी बघावी जिचं नूतनीकरण होऊ शकतं, दर ५ वर्षांनी. त्याची फी पण आता कमी राहिलेली नाही, २० वर्षांवरच्या कारला २०२५ मध्ये ती १०,००० रुपये झाली, जीएसटी वेगळा, शिवाय आपल्याकडचा पर्यावरण कर, थर्ड पार्टी इन्शुरन्स, पीयूसी आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. मागच्या मालकाने नूतनीकरण वीस वर्षं केलेलंच नसेल तर दंड किती साठलाय ते आरटीओत आधी विचारून घ्या. हां, आणि १९८५ ची पद्मिनी ५० वर्षांची व्हायला अजून वेळ आहे, तिला यादीत व्हिंटेज म्हणलेलं असलं तरी कायद्याने ती नुसती जुनी गाडी.

पत्रा कसा तपासायचा

लिलावात गाडी चालवून बघायला देत नाहीत, क्वचित चालू करून दाखवतात. पाहणीचा एक दिवस असतो तो मात्र अजिबात चुकवू नका, आणि फोटोवर बोली कधीच लावू नका. सोबत टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, बोथट स्क्रू ड्रायव्हर, आणि खाली झोपायला जुनी चादर. शक्य असेल तर एखादा डेंटर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, घेऊन जा. मेकॅनिक नाही, डेंटर. लोक मेकॅनिकला नेतात आणि तो बिचारा बॉनेटमध्ये डोकं घालून बसतो तोवर इकडे फ्लोअरला हात जाईल एवढं भोक असतं.

कारण काय तर या गाडीला खाली वेगळी चॅसिसची फ्रेम नाहीये, सगळा भार बॉडीच उचलते. अॅम्बॅसेडर, फियाट दोन्ही तशाच. म्हणजे दारांच्या खालची पेटी, ज्याला गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात, ती कुजली तर गाडी मधून झुकते. याची सोपी परीक्षा म्हणजे दरवाजे. चारही दरवाजे हळूच उघडा आणि सोडा. उघडताना दरवाजा खाली बसतोय, बंद करताना उचलावा लागतोय, किंवा दरवाजा आणि मागचा खांब यामधली फट वर एक आणि खाली एक अशी दिसतेय, तर एकतर बिजागरी गेलीये किंवा बॉडी बसलीये. बिजागरी असेल तर दरवाजा हाताने वर खाली हलतो, हलत नसेल आणि तरी फट वाकडी असेल तर बॉडी, आणि तिथून परत फिरायचं.

मग चुंबक घेऊन चाकांच्या वरच्या कमानी, दरवाजांचा खालचा चार बोटं भाग, हेडलाइटच्या मागची बाजू, डिकीचा तळ. चुंबक नीट चिकटत नाही तिथे रंगाखाली पुटी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप आहे. थोडीफार पुटी सगळ्याच फियाटला असते, मुंबईच्या गाडीला तर असतेच, समुद्राच्या हवेत ५० वर्षं राहिलेला पत्रा आहे तो. हातभर भागात चुंबक पडत असेल तर मात्र तिथे पत्रा आहे की नुसती पुटीच आहे देव जाणे. आत बसून कार्पेट उचला, ड्रायव्हरच्या पायाखाली आणि मागच्या सीटच्या खाली बघा, स्क्रू ड्रायव्हरने हलकेच दाबा. बॅटरीचा ट्रे आणि त्याच्या खालचा पत्रा अॅसिडने खाल्लेला असतो. डिकीत स्टेपनी उचलून बघा. नवीन काळं अंडरकोट मारलेलं दिसलं तर मला उलट संशय येतो, लिलावाच्या आदल्या आठवड्यात खालून काळं कोण आणि कशाला मारेल.

नाशिक, सातारा, कोल्हापूरकडची घरात राहिलेली गाडी आणि मुंबईत बिल्डिंगखाली उघड्यावर राहिलेली गाडी यांच्या पत्र्यात जमीन अस्मानाचा फरक असतो. त्यामुळे फिकट पडलेल्या मूळ रंगाची देशावरची गाडी आणि ताज्या चकचकीत रंगाची किनाऱ्यावरची गाडी एकाच किमतीला असतील तर डोळे झाकून फिकट रंगाची घ्या. मूळ रंग म्हणजे लपवालपवी कमी.

ती टॅक्सी होती का

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती, २० वर्षांची मर्यादा संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्या बातम्यांनंतर सगळ्यांना अचानक फियाटचं प्रेम आलं आणि टॅक्सीला रंग मारून खासगी म्हणून विकणारेही आले. टॅक्सी असणं म्हणजे पाप नाही, पण तिने लाखो किलोमीटर खाल्लेले असतात आणि कागदावर ती व्यावसायिक असते, ते बदलून घ्यावं लागतं.

ओळखायची कशी तर दरवाजाचं रबर थोडं खेचून त्याच्या मागे बघा, छताच्या कडेच्या पन्हळीत बघा, डॅशबोर्डच्या खाली बघा, पिवळा किंवा काळा रंग कुठेतरी डोकावतोच. पुढच्या डाव्या बाजूला बाहेर मीटर असायचा त्याची बुजवलेली भोकं, छताला कॅरिअरचे डाग, डिकीच्या तळाला सीएनजी टाकीच्या पट्ट्यांची भोकं. सीएनजीवर चाललेल्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट झिजलेल्या असतात, म्हणजे हेडचं काम आलंच. उलट कोणाला टॅक्सीच हवी असेल, काळीपिवळी तशीच जपायला, तर मग मीटर, परमिटची पाटी, आतलं ते फुलाफुलाचं रेक्झिन सगळं जागेवर आहे का ते बघा, तेच तिचं मोल.

इंजिन आणि बाकीचं, पटापट

ऑइलची कांडी काढून बघा, दुधाळ फेस असेल तर पाणी मिसळलंय. रेडिएटरचं झाकण उघडून आत तेलाचे तवंग बघा. इंजिन जाम आहे का हे चालू न करता कळतं, गाडी सपाट जागी चौथ्या गिअरला टाका आणि दोघांनी सावकाश ढकला, मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, इंजिन मोकळं असेल तर जड जड का होईना पण फिरतं, पंख्याकडे एकाला लक्ष ठेवायला सांगा. चाकं घासत गेली तर एकतर इंजिन जाम नाहीतर ब्रेक धरलेत, मग न्यूट्रलला ढकलून बघितलं की कुठलं ते समजतं. परवानगी विचारून करा, काही ठिकाणी हात लावू देत नाहीत.

स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा चारही गिअरला टाकून बघा. बुश झिजले की तो दोन गिअरच्या मधे अडकतो, काम छोटं आहे पण त्यावरून गाडी कशी सांभाळलीये ते कळतं. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर चालत्या गाडीत सहज पडायची सोय नसते त्यामुळे तो गाडी थांबवूनच पडायचा, नवीन माणसाला वाटतं गिअरबॉक्स गेला. पुढचं चाक वर आणि खाली धरून हलवा, खडखडलं तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती झिजलीये. मागे पाटे म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा आहेत, गाडी एका बाजूला कललीये का ते लांबून बघा. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, उभ्या गाडीचे सिलिंडर गळणारच, ते धरूनच चाला.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते किरकोळ सामान. जाळी, बंपर, मोनोग्राम, हेडलाइटच्या रिंगा, मागच्या लाइटच्या काचा, दाराच्या कड्या, आतले हँडल, मीटरची काच, पुढची मोठी काच. एक एक मोजून लिहून काढा. इंजिनाचं सामान कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्याच्या नाना पेठेत फिरलात तर मिळून जाईल, पण चांगल्या क्रोमची मूळ जाळी मिळाली तर विकणारा तोंडाला येईल तो भाव सांगतो. चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात नशीब असेल तर मिळतं, नशिबावर बोली लावता येत नाही.

बोली किती

उलटा हिशोब करायचा. समजा सगळं धरून ३ लाखांच्या वर जायचं नाही असं ठरवलंय. डेंटिंग पेंटिंगला १ लाख, इंजिन ब्रेक टायरला ५० हजार, कागदांना २५ हजार, ट्रक आणि सुरुवातीच्या जागेला १५ हजार, आणि जे दिसलंच नाही त्याच्यासाठी ३० हजार. झाले २ लाख २० हजार. उरले ८० हजार. आता लिलावाच्या घराचं खरेदीदाराकडून १० टक्के कमिशन आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी असेल तर तुमची बोली साधारण ७१,५०० ला थांबली पाहिजे. बोलीच्या पूर्ण रकमेवरही १८ टक्के जीएसटी लावणार असतील तर ६१,६०० ला. हे आकडे नुसते पद्धत कळावी म्हणून, तुमच्या डेंटरला गाडी दाखवून त्याचा आकडा घाला, आणि जीएसटी कशावर आहे ते नोटिशीत वाचा नाहीतर फोन करून विचारा, कारण या एका ओळीत दहा हजार इकडचे तिकडे होतात.

हा आकडा कागदावर लिहा आणि सोबत आलेल्या माणसाच्या खिशात ठेवा. ऑनलाइन लिलावात शेवटच्या मिनिटाला बोली पडली की वेळ आपोआप वाढते, असं अर्धा तास चालू शकतं, आणि त्या अर्ध्या तासात "एवढं आलोच आहोत तर अजून पाच हजार" असं करत लोक भलतीकडेच पोचतात. राखीव किंमत आहे का ते आधी बघा. राखीव किमतीपर्यंत बोली नाही पोचली तर गाडी विकली जात नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी फोन करून आपला आकडा सांगून ठेवायचा, कधी कधी आठवड्याने त्यांचाच फोन येतो.

मिळाली, आता पुढे

तिथल्या तिथे बॅटरी लावून चालू करायचा मोह होतो, नका करू. दोरीने ओढत पण आणू नका, ब्रेकचा भरवसा नाही, सपाट ट्रकवर चढवून आणा, आणि त्याआधी इन्शुरन्सचं बघा. गाडी उचलताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा आणि यादीतलं सामान मोजून घ्या, पाहणीच्या दिवशी असलेली स्टेपनी आणि जॅक उचलायच्या दिवशी नसतात हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे.

घरी आल्यावर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, एक दोन दिवस तसंच राहू द्या, मग इंजिन हाताने फिरवा. टाकीतलं सडलेलं पेट्रोल पूर्ण काढा, टाकी उतरवून धुवा, आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला, आताचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं असतं आणि जुनी रबरं त्यात फुगून फुटतात, गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आग. पेट्रोल पंपाचा पडदा आणि सोलेक्स कार्बोरेटरचा किट त्याच वेळी टाकून घ्या. त्यानंतर ब्रेक, म्हणजे चारही चाकांचे सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर, आणि ब्रेक झाल्याशिवाय गल्लीत सुद्धा फिरवायची नाही. रंगकाम सगळ्यात शेवटी, लोक आधी रंग मारतात आणि मग इंजिन काढताना घालताना त्याला ओरखडे पाडतात.

रंग बदलायचा असेल, म्हणजे आरसीवर पांढरी आहे आणि तुम्हाला ती आकाशी हवीय, तर आधी आरटीओत अर्ज करून नोंद बदलून घ्या. व्हिंटेज नोंदणीकडे जायचं असेल तर मूळ रंगाच्या आसपासच राहा आणि दुरुस्ती सुरू करायच्या आधी गाडीचे नंबर, इंजिन, आतली सीट यांचे भरपूर फोटो काढून ठेवा, राज्याची समिती गाडी तपासते तेव्हा मूळ काय होतं ते दाखवायला तेच कामाला येतात.